ल्यू ज्यायिन यांचा ‘ऑक्सहाइड २’ : हे खरे आहे की रचलेले?

तांबटआळी यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार.

महिन्यातून एकदा आम्ही दहा-बारा जण एरंडवण्यात एका स्नेह्यांच्या दिवाणखान्यात जमून चित्रपट पाहतो. या वेळी ल्यू ज्यायिन या चिनी दिग्दर्शिकेचा ‘ऑक्सहाइड २’ (२००९) लावला होता. १३२ मिनिटांच्या या चित्रपटात आई, वडील आणि मुलगी एका टेबलाभोवती च्याओत्झ करतात, शिजवतात आणि खातात. च्याओत्झ म्हणजे कणकेच्या पारीत सारण भरून उकडलेला, करंजीच्या आकाराचा पदार्थ. एवढेच घडते. पार्श्वसंगीत नाही, घराबाहेर एकही दृश्य नाही आणि सगळा चित्रपट मिळून अवघे नऊ शॉट, म्हणजे मध्ये न तोडता घेतलेले सलग तुकडे, आहेत. चहाच्या सुट्टीत तिघे जण निघून गेले. त्यांपैकी एकाने जाता जाता “मोदकांना आमच्या घरी याहून कमी वेळ लागतो” असे ऐकवले, आणि त्यावर सगळे हसले. मीही हसले, पण जागची उठले नाही.

त्याचे कारण थोडे घरगुती आहे. माझे वडील कसब्यात तांब्याची भांडी घडवतात. घर आणि कामाची जागा यांच्यामध्ये एक पडदा आहे, पण तो बहुतेक वेळ बाजूलाच सारलेला असतो. ज्या टेबलावर ते दिवसा पत्र्यावर कर्कटकाने गोल आखतात, त्याच टेबलावर संध्याकाळी वर्तमानपत्र पसरून आई भाजी निवडते. चित्रपटाच्या सुरुवातीला ल्यू यांचे वडील टेबलावर चामड्याचे काम करत असतात, मग ते सगळे सामान आवरून बाजूला जाते आणि त्याच टेबलावर पीठ येते. ते पाहताना मला आपल्याच घरात कोणीतरी न विचारता शिरल्यासारखे झाले.

यावरून काही शंका मनात आल्या आहेत. पहिली अशी की हा माहितीपट आहे की कथापट? पडद्यावरचे तिघे खरोखरच दिग्दर्शिका आणि तिचे आईवडील आहेत, हे श्रेयनामावलीवरून कळते. पण त्यांचे बोलणे आपसूक झालेले आहे की आधी लिहून घेतलेले, हे मला दोनदा पाहूनही ठरवता आले नाही. दुसरे म्हणजे नऊच शॉट घेण्यामागे काही हिशेब आहे की तो निव्वळ हट्ट आहे? आमच्या गटातले एक गृहस्थ म्हणाले की या बाईंनी दोन चित्रपट केले आणि त्या गायब झाल्या. हे खरे आहे का, आणि असल्यास त्याचे कारण काय?

स्पष्टच सांगायचे तर या चौकशीत माझा स्वार्थ आहे. वडिलांच्या कामावर काहीतरी चित्रित करावे असे दोन वर्षे मनात आहे, पण जे नमुने पाहिले त्यांत ‘लोप पावत चाललेली कला’ असे दाटून आलेल्या आवाजात सांगणारा निवेदक असतो आणि कारागिराच्या सुरकुत्यांवर बासरी वाजते. मला ते करायचे नाही. जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

रीळवाला यांचे उत्तर

आपण विचारलेल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे : सगळे लिहिलेले आहे. ल्यू ज्यायिन यांचा जन्म १९८१चा, बीजिंगचा. बीजिंग फिल्म अकादमीत त्यांनी पटकथालेखनाचे शिक्षण घेतले आणि पुढे तिथेच त्या तो विषय शिकवू लागल्या. म्हणजे त्यांच्या हाती कॅमेरा आला तो लेखिकेच्या हाती आला, ही गोष्ट लक्षात ठेवली तर पुष्कळ उलगडा होतो. घरात घडलेले प्रसंग, झालेले वाद आणि वडिलांच्या तोंडची वाक्ये यांतून त्यांनी पटकथा रचली, आईवडिलांकडून तालमी करून घेतल्या आणि मग चित्रीकरण केले. माणसे खरी, घर खरे, धंद्यातली ओढाताण खरी, पण समोर दिसतो तो क्षण पुन्हा उभा केलेला आहे. आपल्याला दोनदा पाहूनही ठरवता आले नाही, याचा अर्थ त्यांचे लेखन चांगले आहे.

आता ‘ऑक्सहाइड २’ समजून घ्यायचा तर आधीचा ‘ऑक्सहाइड’ (२००५) पाहणे आवश्यक आहे, आणि आपल्या गटाने क्रम चुकवला असे मला वाटते. तो ११० मिनिटांचा असून त्यात २३ शॉट आहेत आणि एकाही शॉटमध्ये कॅमेरा जागचा हलत नाही. घर ५० चौरस मीटरचे, म्हणजे आपल्या हिशेबाने साधारण ५४० चौरस फुटांचे, पुण्यातला एखादा जुना वन बीएचके असतो तेवढे. वडील चामड्याच्या पिशव्या बनवून विकतात, दुकान नीट चालत नाही, आणि सवलतीची पाटी लावावी की नाही यावर घरात खल होतो. आपल्या मालाची किंमत आपणच खाली आणायची, हे त्या माणसाच्या गळी उतरत नाही. मुलीची उंची वाढली नाही, याचीही त्यांना सारखी काळजी लागलेली असते. या दोन चिंता एकाच पट्टीने मोजल्या जातात, हे मला तो चित्रपट तिसऱ्यांदा पाहताना जाणवले.

त्या चित्रपटाची चौकट पाहण्यासारखी आहे. एवढ्याशा खोलीत कोणीही दिग्दर्शक जास्तीत जास्त जागा दिसावी म्हणून धडपडला असता. ल्यू यांनी उलट केले. त्यांनी सिनेमास्कोपसारखी रुंद आणि बुटकी चौकट घेतली आणि कॅमेरा माणसांच्या इतका जवळ ठेवला की बहुतेक वेळा डोकी कापली जातात, नुसते हात, छाती, टेबलाची कड आणि अंधार दिसतो. कोण बोलत आहे ते आवाजावरून ओळखावे लागते. खोली लहान आहे असे कोणी सांगत नाही, आपल्याच मानेला अवघडल्यासारखे होऊ लागते. डीव्ही, म्हणजे टेपवर चालणाऱ्या साध्या डिजिटल कॅमेऱ्याच्या त्या जुन्या, खरखरीत चित्रामुळे अंधार आणखी दाट वाटतो. चित्रीकरण आणि संकलनही त्यांचेच होते, आणि खर्च एखाद्या घरगुती समारंभाच्या चित्रफितीएवढा वाटावा इतका कमी. २००५च्या फेब्रुवारीत बर्लिन महोत्सवाच्या फोरम विभागात या चित्रपटाला कॅलिगारी पुरस्कार आणि समीक्षकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा फिप्रेस्की पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी व्हँकूव्हरच्या महोत्सवात नवोदित आशियाई दिग्दर्शकांसाठी असलेला ‘ड्रॅगन्स अँड टायगर्स’ पुरस्कारही मिळाला. तेव्हा त्या जेमतेम तेवीस-चोवीस वर्षांच्या होत्या.

नऊ शॉटचा हिशेब मात्र कागदावर काढून पाहण्यासारखा आहे. टेबल मध्ये आहे असे समजा. प्रत्येक शॉटनंतर कॅमेरा टेबलाभोवती सुमारे ४५ अंशांनी सरकतो. आठ वेळा सरकला की ३६० अंश पूर्ण होतात आणि नववा शॉट पुन्हा पहिल्या जागेवरून मिळतो. म्हणजे चित्रपट टेबलाला एक पूर्ण प्रदक्षिणा घालतो, आणि पीठ मळण्यापासून ताटे रिकामी होईपर्यंतचे काम त्या प्रदक्षिणेत बसवलेले आहे. १३२ मिनिटांना नऊने भागले तर एका शॉटला सरासरी साडेचौदा मिनिटांहून अधिक वेळ येतो. माझी उमेदवारी रिळांच्या काळातली. ३५ मिलिमीटरचे ४०० फुटांचे रीळ साडेचार मिनिटांच्या आत संपते, आणि १००० फुटांचे घातले तरी अकरा मिनिटांच्या आसपास कॅमेरा थांबतो. तेव्हा असा शॉट घेणे फिल्मवर शक्यच नव्हते. डिजिटल टेप तासभर चालते आणि तिची किंमत परवडते, म्हणून एका मुलीला घरातल्या टेबलावर हा प्रयोग करता आला.

हा निव्वळ हट्ट नाही, असे माझे मत आहे. शॉट तोडला की वेळ चोरता येतो : पीठ मळायला घेतले, कट, लाट्या तयार. आम्ही संकलकांनी आयुष्यभर हीच चोरी केली आणि त्याचेच पैसे घेतले. ल्यू यांनी ती सोय स्वतःच काढून टाकली, त्यामुळे पीठ जेवढा वेळ मागते तेवढा वेळ त्यांना बोलणे पुरवावे लागले. लेखिकेची खरी परीक्षा तिथे आहे.

नळस्टॉप यांचे उत्तर

वरच्या विवेचनाबद्दल आदर ठेवून मी थोडा विरोधी सूर लावतो, कारण उठून गेलेल्या तिघांची बाजू मांडणारा इथे कोणीच दिसत नाही.

हा चित्रपट २००९ साली फ्रान्समधल्या कान महोत्सवाच्या वेळी ‘डायरेक्टर्स फोर्टनाइट’ या विभागात दाखवला गेला होता. माझा आक्षेप नेमका त्या वाटेवर आहे. ज्या बीजिंगमधल्या माणसांचे हे जगणे आहे, त्यांतल्या किती जणांनी तो तेव्हा पाहिला असेल? आशियातल्या एका गरीब घराचे मंद, अंधारे, संगीतहीन चित्र युरोपात नेले की त्याला खोली येते, आणि तेच आपल्या दिवाणखान्यात लावले की आपण स्वतःला मठ्ठ समजू लागतो, ही मला एक प्रकारची दहशत वाटते. कंटाळा आला तर तो कंटाळा आहे, प्रेक्षकाची अपात्रता नव्हे. भूमितीचा हिशेब कागदावर सुंदर आहे हे मान्य, परंतु पडद्यासमोर बसलेल्या माणसाला ४५ अंश दिसत नाहीत, त्याला चिरलेली भाजी दिसते.

एक गोष्ट मात्र कबूल करतो. सारणासाठी हिरवी पात चिरताना पातीच्या लांबीवरून त्यांच्यात जे बोलणे चालते, ते ऐकताना मला खुदकन हसू आले. आमच्याकडे कोथिंबीर चिरण्यावरून हुबेहूब असेच संवाद होतात आणि त्यांचा शेवटही तसाच, कोणाचाही विजय न होता, होतो. मुलगी त्या घरातली सर्वांत शिकलेली, आणि तरीही तिलाच पारी नीट जमत नाही, हेही खरे वाटले. पण त्या दोन-तीन जागांसाठी १३२ मिनिटे द्यावीत का, हा हिशेब ज्याचा त्याने करावा.

पिनयिन यांचे उत्तर

मी काही वर्षे मँडरिन शिकले आणि सध्या ती भाषा शिकवते, त्यामुळे नावापासून सुरुवात करते. मूळ नाव ‘न्यू फी’, म्हणजे बैलाचे कातडे. वडिलांच्या धंद्याशी त्याचा संबंध उघड आहे. पण चिनी बोलीत ‘बैलाचे कातडे फुगवणे’ म्हणजे बढाया मारणे. तेव्हा ज्या घरात दुकान डबघाईला आले आहे आणि वडील तरीही आपल्या मालाचा ताठा सोडत नाहीत, त्या घरावरच्या चित्रपटाला हे नाव देण्यात मला हलकासा चिमटा जाणवतो. इंग्रजी नावात तो उतरलेला नाही.

श्री. नळस्टॉप यांचा प्रश्न रास्त आहे, मात्र त्याचे उत्तर दिग्दर्शिकेच्या आवडीनिवडीत नसून तिथल्या व्यवस्थेत आहे. चीनमध्ये चित्रपटगृहात चित्रपट लावायचा तर सरकारी परवाना लागतो. परवाना मिळालेल्या चित्रपटाच्या आरंभी हिरव्या पार्श्वभूमीवर ड्रॅगनचे चिन्ह येते, म्हणून त्याला बोलीभाषेत ‘लोंगप्याव’, म्हणजे ड्रॅगनचा छाप, असे म्हणतात. ज्याला तिथे स्वतंत्र चित्रपट म्हटले जाते तो बहुतांशी या छापाविना तयार झालेला असतो. असे चित्रपट कॅफेत, महाविद्यालयांत, कलादालनांत आणि काही मोजक्या स्वतंत्र महोत्सवांत दाखवले जात. नान्जिंगचा स्वतंत्र चित्रपट महोत्सव आणि खुनमिंगचा माहितीपटांचा युनफेस्ट, दोन्ही २००३ साली सुरू झाले. बीजिंगबाहेरच्या सोंगच्वांग या चित्रकारांच्या वस्तीतही असाच महोत्सव भरत असे. हे जाळे पुढे आवळत गेले. सोंगच्वांगचा महोत्सव २०१४च्या ऑगस्टमध्ये बंद पाडण्यात आला. १ मार्च २०१७ पासून लागू झालेल्या चित्रपट उद्योग कायद्याने परवान्याविना परदेशी महोत्सवात जाण्याची वाटही बंद केली. नान्जिंगच्या आयोजकांनी २०२०च्या आरंभी आपण थांबत असल्याचे जाहीर केले. तेव्हा बर्लिन आणि कान ही चैन नव्हती. आपल्याकडे प्रमाणपत्र नसलेला चित्रपट मंत्रालयाकडून सूट घेऊन महोत्सवात दाखवता येतो, त्यामुळे पुण्यात बसून या कोंडीची कल्पना येणे कठीण जाते.

एक खुलासा करणे आवश्यक वाटते. ‘स्वतंत्र चिनी चित्रपट’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पोलीस, जप्ती आणि बंडखोरी उभी राहते. काहींच्या बाबतीत तसे घडलेही आहे : दिग्दर्शक लोऊ ये यांनी परवानगी न घेता २००६ साली कानला चित्रपट नेला आणि त्यांच्यावर पाच वर्षांची बंदी आली. परंतु ल्यू यांच्या दोन्ही चित्रपटांत सरकार हा शब्दही येत नाही. त्यांचे स्वातंत्र्य निराळ्या जातीचे आहे. निर्माता नाही, नट नाहीत, भाड्याची जागा नाही, त्यामुळे कोणाला विचारण्याचा प्रसंगच येत नाही. आपल्याजवळ जे आहे तेवढ्यातच मावेल असा चित्रपट लिहायचा, ही त्यांची युक्ती.

आता ‘गायब झाल्या’ या विधानाविषयी. त्या गायब झाल्या नव्हत्या, शिकवत होत्या. दुसऱ्या चित्रपटानंतर चौदा वर्षांनी, २०२३ साली, त्यांचा नवा चित्रपट आला. त्याचे चिनी नाव ‘पू श्यू त्स शिंग’, म्हणजे ‘ही खेप वाया गेली नाही’ अशा आशयाचे. इंग्रजीत तो ‘ऑल इअर्स’ म्हणून ओळखला जातो. या वेळी सगळेच वेगळे होते. मुख्य भूमिकेत हू ग हा तिथला अत्यंत लोकप्रिय नट, रीतसर परवाना, आणि सप्टेंबर २०२३मध्ये चीनमधल्या चित्रपटगृहांत प्रदर्शन. त्याआधी जूनमध्ये शांघायच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात त्याला दिग्दर्शनाचा आणि हू ग यांना अभिनयाचा पुरस्कार मिळाला.

कथानायक हा पटकथालेखक म्हणून अपयशी ठरलेला माणूस असून तो अंत्यविधीच्या वेळी वाचायची भाषणे लिहून पोट भरतो. गेलेल्या माणसाविषयी घरच्यांना बोलते करायचे, ऐकून घ्यायचे आणि पानभर मजकूर द्यायचा, असे त्याचे काम. पटकथा शिकवणाऱ्या बाईंनी चौदा वर्षांनंतर न जमलेल्या पटकथालेखकाची गोष्ट सांगावी, यात गंमत आहे. मला स्वतःला तो चित्रपट आवडला, पण त्यात शॉट तुटतात, संगीत आहे, उजेडही भरपूर आहे. टेबलाभोवतीच्या त्या मुलीचा हट्ट मला तिथे थोडा कमी जाणवला. ऐकून घेण्याची सवय मात्र तीच आहे.

नळस्टॉप यांचे उत्तर

परवान्याची ही बाजू मला ठाऊक नव्हती. दहशतीचा आरोप युरोपावर कायम ठेवतो, दिग्दर्शिकेवरून मागे घेतो.

तांबटआळी यांचे उत्तर

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. इतके सविस्तर कोणी लिहील असे वाटले नव्हते.

रीळवाला काका, आपले उत्तर वाचून एक मोठी अडचण समोर आली, ती मांडते. ल्यू यांच्या घरातले काम मुकाट आहे. चामडे कापताना किंवा पीठ मळताना माणसाला बोलता येते आणि ते ऐकूही येते. आमच्याकडे मठारकाम चालते. तयार झालेल्या भांड्यावर हातोडीने एकसारखे ठोके घालत जायचे, त्याने पत्रा घट्ट होतो आणि अंगावर चकाकणारी टिंबे उठतात. एका मध्यम घागरीला असे हजारो ठोके पडतात. वडील ठोके मोजत नाहीत, पण एखादा चुकला तर शेजारच्या घरातून ओळखतात. हे चालू असताना घरात कोणीही बोलत नाही, कारण बोलून उपयोग नसतो. आई फोन घेऊन गच्चीत जाते. मी भ्रमणध्वनीवर थोडे चित्रित करून पाहिले तर आवाज इतका फाटला की तो ठोका आहे हेसुद्धा कळेना. अशा घरात संवाद लिहायचे तरी कशाचे?

दुसरी अडचण अशी की वडील अभिनय करणार नाहीत. “काम करतो ते बघ, नाटक करायला सांगू नकोस,” असे त्यांनी आधीच बजावले आहे. ल्यू यांच्या वडिलांनी तालमी कशा काय सहन केल्या, याचे मला नवल वाटते.

रीळवाला यांचे उत्तर

ताई, आपण अडचण म्हणून जे सांगितले तीच आपली पटकथा आहे, असे मला वाटते.

ठोके चालू असताना बोलणे नाही, म्हणजे जे काही बोलले जाते ते ठोके थांबल्यावर. वडील हातोडी का थांबवतात, दिवसातून किती वेळा थांबवतात, थांबल्यावर पहिले कोण बोलते आणि काय, याची आठवडाभर वही ठेवा. कॅमेरा काढू नका. ल्यू यांच्याकडे पिठाने वेळ ठरवली, आपल्याकडे हातोडी ठरवील. मग तोडायचे कुठे हा प्रश्न आपल्याला कोणाला विचारावा लागणार नाही.

तालमीचे म्हणाल तर वडिलांकडून अभिनय करवून घेऊ नये. त्यांना काम करू द्यावे आणि रचना आपल्या बाजूने करावी : कॅमेरा कुठे, किती उंचीवर, कोणत्या वेळी. टेबलाच्या उंचीवर ठेवलात तर चेहऱ्याचा मोह आपोआप सुटतो. आवाजाबाबत एक व्यवहाराची सूचना. भ्रमणध्वनीचा ध्वनी आपोआप वरखाली होतो, ती सोय बंद करावी. वेगळे ध्वनिमुद्रण यंत्र भाड्याने मिळते, ते घेऊन त्याची पातळी सर्वांत मोठ्या ठोक्यावर ठरवावी आणि तिथेच सोडावी. माईक भांड्यासमोर न धरता पडद्याच्या अलीकडे, आई बसते तिथे ठेवावा. ठोके दुरून येतील आणि कुजबुज जवळून.

पिनयिन यांचे उत्तर

आपल्या घरच्यांना पडद्यावर आणणाऱ्या आणखी दोघींची नोंद करते, म्हणजे केवळ एकीवरच भिस्त राहणार नाही. यांग लिना या मूळच्या नर्तिका आणि अभिनेत्री. डीव्ही कॅमेरे नुकतेच हाती येऊ लागले होते तेव्हा त्यांनी बीजिंगमध्ये आपल्या घराजवळच्या रस्त्याकडेला रोज येऊन बसणाऱ्या म्हाताऱ्यांवर ‘ओल्ड मेन’ (१९९९) हा माहितीपट केला. पुढे ‘होम व्हिडिओ’ (२००१) मध्ये त्या स्वतःच्या आईवडिलांकडे वळल्या, पण पहिल्या माहितीपटातली रोज त्याच जागी जाऊन बसण्याची चिकाटीही आपल्या कामाची आहे.

हूनान प्रांतातल्या ह्वांग ची यांचे काम याहून बोचरे आहे. त्यांचा पहिला चित्रपट ‘एग अँड स्टोन’ त्यांच्याच गावात घडतो, आणि त्याला २०१२ साली रॉटरडॅमच्या चित्रपट महोत्सवात टायगर पुरस्कार मिळाला. त्यांचे जपानी पती र्यूजी ओत्सुका छायालेखन करतात आणि पुढच्या चित्रपटांचे सहदिग्दर्शकही आहेत. ‘स्टोनवॉलिंग’ (२०२२) मध्ये नको असलेल्या गरोदरपणात अडकलेल्या वीस वर्षांच्या मुलीच्या आईवडिलांची कामे ह्वांग यांच्या खऱ्या आईवडिलांनी केली आहेत. त्या वर्षीचा तैवानच्या गोल्डन हॉर्स सोहळ्यातला सर्वोत्कृष्ट कथापटाचा मान त्याला मिळाला. तो पाहिल्यावर कदाचित आपल्या वडिलांचे मन वळवण्याचा मार्ग सापडेल, कदाचित आपण तो नाद सोडाल.

तांबटआळी यांचे उत्तर

तीन आठवड्यांनी लिहीत आहे, विलंबाबद्दल क्षमस्व. वही ठेवली. त्यात असे दिसले की वडील दुपारी चार ते सात या वेळात साधारण अकरा-बारा वेळा थांबतात : चहासाठी एकदा, उजेडासाठी दोनदा, आणि बाकीच्या वेळा भांडे उचलून खिडकीकडे धरून नुसते पाहण्यासाठी. या पाहण्याच्या वेळी आई बोलून घेते. तिला ती वेळ नेमकी कशी कळते, हे तिलाही सांगता आले नाही.

काल पहिला शॉट घेतला. कॅमेरा टेबलाच्या कडेशी, चार पुस्तकांवर. चौकटीत घागरीचा निम्मा भाग, वडिलांचा उजवा हात कोपरापर्यंत आणि मागे पडद्याची कड. चौदाव्या मिनिटाला ठोके थांबले. वडिलांनी विचारले, “चालू आहे का ते अजून?” मी काही बोलले नाही. मग पडद्यापलीकडून आईचा आवाज आला, की पत्र्याचा भाव पुन्हा वाढला आहे असे दुकानदार सांगत होता, आणि जुनी मोड घालून काही जमते का ते पाहावे. वडील म्हणाले, जुन्याला मऊपणा राहत नाही. ती म्हणाली, मग टेबल मोकळे करा, मला भाजी निवडायची आहे. त्यांनी घागर उचलली, चौकट रिकामी झाली, आणि डावीकडून वर्तमानपत्र आणि मेथीची जुडी घेऊन तिचा हात आत आला.